तारीख पुढे ढकलली की नुकसान कोणाचं? ब्रिटनच्या बंदरांची गोष्ट



आजचा विषय जरा लांबचा आहे. चौथी-पाचवीला शिकवणाऱ्या बाईंना इंग्लंडच्या बंदरांशी काय करायचंय, असं तुम्हाला वाटेल. पण प्रश्न माझ्या वर्गातूनच आला, आणि उत्तर देताना मी अडखळले, म्हणून हा लेख.

माझी शाळा नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांच्या पट्ट्यात आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्गातली निम्मी मुलं खुडणी, पेट्या, पॅकहाऊस याशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. एक्स्पोर्टचा माल म्हणजे काय, त्याची रेसिड्यू टेस्ट कशी होते, एखाद्या औषधाचा अंश जास्त निघाला तर बागेचा भाव कसा पडतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. वाहतुकीचा पाठ चालू होता. न्हावा शेवा बंदरातून थंड कंटेनरमधून द्राक्षं नेदरलँड्सला आणि ब्रिटनला जातात, एवढं मी सांगितलं. तेवढ्यात पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तिकडं बोटीतून माल उतरला की तो तपासतं कोण? आणि तपासायला माणूसच नसला तर?"

मी म्हटलं, "अगं, एवढे मोठे देश, माणूस असणारच ना!"

घरी येऊन वाचायला बसले आणि माझं उत्तर किती कच्चं होतं ते समजलं. तपासणीची तारीख ठरलेली, पण शेड नाहीत, माणसं नाहीत, नियम पुरते लिहिलेले नाहीत, अशी अवस्था खरंच एका मोठ्या देशाची झाली होती. तो देश म्हणजे ब्रिटन.

आधी थोडं समजावून सांगते, कारण मुलांनाही इथूनच सांगावं लागलं. तुमच्यापैकी ज्यांनी मुंबईला मालाची गाडी नेली असेल त्यांना मुलुंडचा किंवा दहिसरचा जकात नाका आठवत असेल. रात्री ट्रकची लांबच लांब रांग, हातात बिलं घेऊन धावणारे क्लीनर, चहाच्या टपऱ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. आताच्या पाचवीच्या मुलांनी जकात नाका बघितलेलाच नाही. मी वर्गात शब्द उच्चारला तेव्हा एकाने विचारलं, "नाका म्हणजे टोल का?" मग एका मुलाच्या आजोबांनाच बोलावलं. त्यांनी पूर्वी भाजीपाल्याची गाडी चालवली होती. त्यांनी अर्धा तास जो नाका रंगवून सांगितला, तसा मला जन्मात जमला नसता.

तर आपल्याकडे नाके उठले. ब्रिटनमध्ये उलटं झालं, तिथे नाके नव्याने बसवायचे होते.

१ जानेवारी १९९३ पासून युरोपीय देशांची एक सामाईक बाजारपेठ झाली होती. स्पेनमधला टोमॅटो ट्रकमध्ये भरायचा, फ्रान्स ओलांडायचा, कॅलेहून फेरी बोटीत ट्रक चढवायचा आणि डोव्हरला उतरून थेट लंडन. कस्टम्सचा कागद नाही की तपासणी नाही. जवळजवळ तीस वर्षं हे असंच चाललं. मग २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला, पण व्यापाराचे जुने नियम त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तसेच ठेवले. हा अकरा महिन्यांचा संक्रमण काळ. तो कशासाठी? तयारीसाठी. आणि नवा व्यापार करार कधी ठरला? २४ डिसेंबर २०२० ला! म्हणजे परीक्षेला आठवडा राहिला असताना अभ्यासक्रम हातात.

करारामुळे दोन्हीकडच्या मालावर आयात कर लागला नाही, हे खरं. पण कर शून्य म्हणजे कागद शून्य नव्हे. माल आपल्याच देशात बनला आहे हे दाखवायचं, कस्टम्सचं घोषणापत्र भरायचं, मांस-मासे-दूध-रोपं असतील तर आरोग्याचा दाखला जोडायचा. ब्रिटनच्या कर खात्याचा अंदाज असा होता, की वर्षाला साडेपाच कोटी घोषणापत्रं भरली जात होती, ती सत्तावीस कोटींच्या घरात जातील. ही कोण भरणार? तीस वर्षं काम नव्हतं, त्यामुळे ते करणारे एजंटही पांगले होते.

आता डोव्हर. नकाशात दाखवा मुलांना, इंग्लंडचं फ्रान्सच्या सर्वांत जवळचं टोक. फेरीने दीड तासात कॅले. गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत ट्रक या एका बंदरातून ये-जा करतात. मागे खडूच्या पांढऱ्या दगडाचे उभे कडे, पुढे समुद्र. शेड बांधायची तर कुठे? वाहनतळ करायचा तर कुठे? बंदराचं स्वतःचंच म्हणणं होतं, की एका ट्रकमागे नुसती दोन मिनिटं जास्त लागली तरी सतरा मैलांची, म्हणजे सत्तावीस किलोमीटरची रांग लागेल.

दोन मिनिटांत सत्तावीस किलोमीटर! मुलांचा विश्वास बसेना. मग आम्ही व्हरांड्यात खेळ घेतला. एक बाक म्हणजे नाका. मुलं म्हणजे ट्रक, प्रत्येकाच्या हातात वही म्हणजे कागद. दर मिनिटाला एक ट्रक येणार. पहिल्या फेरीत नाक्यावरच्या मुलीने प्रत्येकाची वही एका मिनिटात बघायची. रांग लागलीच नाही. दुसऱ्या फेरीत तिने दोन मिनिटं घ्यायची. दहा मिनिटांत व्हरांड्यात ढकलाढकली सुरू. मग फळ्यावर गणित केलं: तासाला साठ ट्रक आले, तीस सुटले, तीस अडकले. एका ट्रकला पुढच्या-मागच्या अंतरासह वीस मीटर धरले तर सहाशे मीटर रांग, म्हणजे आमच्या शाळेपासून मारुतीच्या पारापर्यंत, आणि हे एकाच तासात. गुणाकार, अंतर, वेळ सगळं एका खेळात आलं. तुम्हीही घेऊन बघा.

ब्रिटनच्या सरकारनेही रंगीत तालीम घेतली होती. जानेवारी २०१९ मध्ये मॅन्स्टन नावाच्या जुन्या विमानतळावर ट्रक उभे करून डोव्हरपर्यंत नेऊन बघायचे ठरले. करारच झाला नाही तर हजारो ट्रक इथे थांबवायचे होते. तालमीला किती ट्रक आले? ८९. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापनाचा सराव घेतात आणि फोटोपुरती मुलं रांगेत उभी करतात ना, अगदी तसं. (मी स्वतः असे फोटो काढलेत, त्यामुळे हसायचा अधिकार मला नाही.)

त्याच सुमारास आणखी एक प्रकार झाला. डोव्हरवरचा भार कमी करायला रॅम्सगेट बंदरातून जादा फेऱ्या सोडण्याचं कंत्राट सरकारने एका कंपनीला दिलं, एक कोटी अडतीस लाख पौंडांचं. कंपनीचं नाव सीबोर्न फ्रेट. नंतर कळलं की कंपनीकडे एकही जहाज नाही! तिच्या संकेतस्थळावरच्या अटी तर हॉटेलातून पार्सल मागवण्यासाठी लिहिल्यासारख्या होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंत्राट रद्द झालं. पुढे, आम्हाला का विचारलं नाही म्हणून बोगद्याची रेल्वे चालवणारी युरोटनेल कोर्टात गेली आणि सरकारला तिला तीन कोटी तीस लाख पौंड देऊन प्रकरण मिटवावं लागलं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलं जी हसली! मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, आमच्या गावात ट्रॅक्टर नसताना नांगरणीचा ठेका कुणी देत नाही."

तीन कोटी तीस लाख हा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येतो. बंदरांना शेड-चौक्या बांधायला सरकारने वीस कोटी पौंडांचा निधी काढला. मागणी त्यापेक्षा कितीतरी जास्त आली. डोव्हरने मागितले तीन कोटी तीस लाख. फ्रान्सचे पासपोर्ट तपासनीस डोव्हरच्या धक्क्यावरच बसतात, त्यांच्या खिडक्या दुप्पट करायच्या होत्या. डिसेंबर २०२० मध्ये उत्तर आलं: तेहतीस हजार पौंड. शून्य चुकले असतील असं वाटलं ना? मलाही वाटलं, म्हणून दोनदा तपासलं. मागितल्याच्या हजारात एक भाग. वर्गखोली मागावी आणि खडूचा खोका मिळावा. आणि हे संक्रमण काळ संपायला दोन-तीन आठवडे उरलेले असताना.

त्याच महिन्यात खरी परीक्षा झाली, पण भलत्याच पेपरची. इंग्लंडमध्ये करोनाचा नवा प्रकार सापडला म्हणून २० डिसेंबरच्या रात्री फ्रान्सने दोन दिवसांसाठी सीमा बंद केली. हजारो ट्रक केंट परगण्यात अडकले. ज्या मॅन्स्टनवर ८९ ट्रकांची तालीम झाली होती, ते मैदान आता खरोखर भरलं. पोलंड, रुमानिया, स्पेनचे चालक ऐन नाताळात केबिनमध्ये बसून राहिले. त्यांना गरम जेवण नेऊन देणाऱ्यांत ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यातले आणि खालसा एडचे आपले शीख बांधव होते. पाठ्यपुस्तकात आपण 'बंदर' म्हणतो तेव्हा जहाज आणि क्रेन दाखवतो. बंदर म्हणजे केबिनमध्ये उपाशी बसलेला ड्रायव्हरसुद्धा, हे चित्र कुठेच नसतं.

मग १ जानेवारी २०२१ उजाडला, आणि काहीच झालं नाही. सात हजार ट्रकांची रांग लागू शकते असं सरकारनेच आधी सांगितलं होतं. ती लागली नाही, कारण कंपन्यांनी आधीच माल भरून ठेवला होता आणि त्या आठवड्यात माल पाठवलाच नाही. वर्गात गोंगाट नाही म्हणून मुलं शिकतायत असं समजायचं, तसलीच ही शांतता. खरी अडचण रस्त्यावर दिसली नाही, कागदावर होती. स्कॉटलंडच्या मासे पाठवणाऱ्यांची सर्वांत वाईट अवस्था झाली. एका ट्रकमध्ये अनेक छोट्या व्यापाऱ्यांची खोकी असतात. एकाचा दाखला चुकला की सगळा ट्रक थांबतो, आणि मासळी काही थांबत नाही. १८ जानेवारीला हे लोक आपले ट्रक घेऊन थेट लंडनमध्ये संसदेच्या परिसरात पोचले होते. गटात प्रकल्प दिला आणि एकाने आपलं पान आणलं नाही की सगळ्या गटाचे गुण जातात, तेव्हा पालक आपल्याला काय काय बोलतात, ते आठवा.

नेदरलँड्सच्या बंदरावर तर ब्रिटनहून आलेल्या ट्रकचालकांच्या डब्यातली हॅम घातलेली सँडविचही काढून घेतली. मांस आणि दुधाचे पदार्थ स्वतःच्या खाण्यासाठीसुद्धा आणायला बंदी होती, नियमच तसा. मुलांना ही गोष्ट फार लागली. डबा काढून घेणं म्हणजे काय, हे त्यांना बरोबर कळतं.

इथे पलीकडच्यांची तयारीही सांगायला हवी. नेदरलँड्सने जवळपास नऊशे जादा कस्टम्स कर्मचारी घ्यायचं दोन-अडीच वर्षं आधीच ठरवलं. रॉटरडॅम बंदराने नियम केला की आधी संगणकावर मालाची नोंद नसेल तर ट्रक फाटकातच येणार नाही. नोंद कशी करायची हे शिकवायला त्यांनी महिनोन्‌महिने मोहीम चालवली. व्यापाऱ्यांना जागं करायला त्यांच्या परराष्ट्र मंत्र्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या टेबलावर आडवा पडलेला एक निळा केसाळ राक्षस दाखवला, छातीवर लिहिलेलं 'ब्रेक्झिट'. म्हणजे, हा तुमच्या कामाच्या आड येतोय का ते बघा. मोठ्या माणसांसाठी मंत्री असं चित्र वापरतो, आणि आपण चौथीनंतर चित्रं बंद करतो! फ्रान्सने कॅलेला ट्रकच्या नंबर प्लेटशी कागदांचा बारकोड जोडायची पद्धत बसवली. ट्रक समुद्रावर असतानाच अधिकारी ठरवतात, आणि उतरताना चालकाला हिरवं किंवा नारिंगी दिसतं. हिरव्याने सरळ जायचं, नारिंगीने थांबायचं. युरोपने पहिल्या दिवसापासून ब्रिटनच्या मालाची पूर्ण तपासणी सुरू केली. आयर्लंडच्या व्यापाऱ्यांनी तर ब्रिटनमधून जायचंच कमी केलं. रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सच्या डंकर्कला नवी फेरी जानेवारी २०२१ च्या पहिल्याच आठवड्यात सुरू झाली.

आणि ब्रिटनने आपल्याकडे येणाऱ्या मालाचं काय केलं? तारीख पुढे ढकलली.

माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं. आधी ठरलं, जानेवारी, एप्रिल आणि जुलै २०२१ अशा तीन टप्प्यांत तपासणी लावू. मार्चमध्ये ते ऑक्टोबरवर आणि पुढच्या वर्षावर गेलं. सप्टेंबरमध्ये आणखी पुढे, २०२२ मध्ये. एप्रिल २०२२ मध्ये मंत्री जेकब रीस-मॉग यांनी सांगितलं की या वर्षी उरलेल्या तपासण्या नकोतच, आता २०२३ च्या अखेरीस बघू. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा ढकललं. शेवटी आरोग्य दाखले सुरू झाले ३१ जानेवारी २०२४ ला आणि प्रत्यक्ष तपासणी ३० एप्रिल २०२४ ला. त्यांच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मे २०२४ मध्ये मोजून सांगितलं: पाच वेळा तारीख बदलली, आणि सीमेच्या या सगळ्या व्यवस्थेवर सरकारचा खर्च किमान ४७० कोटी पौंड.

आता पोर्ट्समथ बंदराचं बघा. हे बंदर नगरपरिषदेच्या मालकीचं आहे, म्हणजे गावकऱ्यांचं. सरकारने सांगितलं, जुलै २०२२ ला तपासणी, चौकी बांधा. त्यांनी बांधली. खर्च सुमारे अडीच कोटी पौंड. सरकारने एक कोटी एकाहत्तर लाख दिले, उरलेले पंचाहत्तर-ऐंशी लाख नगरपरिषदेने स्वतःच्या तिजोरीतून घातले. मांस ठेवायला थंड खोल्या, रोपांना वेगळी जागा, ट्रक लावायचे धक्के, सगळं सरकारच्या मापाने. इमारत उभी राहत आली आणि एप्रिलमध्ये घोषणा आली की तपासणीच नाही. दोन वर्षं इमारत कुलपात. वीज, देखभाल, माणसं यांचा खर्च चालूच. नंतर नवे नियम आले त्यात तपासायचा माल इतका कमी झाला की इमारत गरजेपेक्षा फार मोठी ठरली. आणि डोव्हरसाठी? तिथे सरकारनेच एक चौकी बांधली आणि नंतर ती नको ठरवून, तपासणी पस्तीस किलोमीटर आत सेव्हिंग्टनला नेली. डोव्हरच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तक्रार केली, की संशयित मांसाचा ट्रक पस्तीस किलोमीटर एकटा जाणार, वाटेत कोण बघणार? हा प्रश्न माझ्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नापेक्षा फार वेगळा नाही.

म्हणजे ज्यांनी तयारी केली नाही, त्यांचं काही बिघडलं नाही. त्यांना प्रत्येक वेळी मुदतवाढ मिळाली. ज्यांनी वेळेत तयारी केली, पैसे त्यांचे बुडाले. तिकडे ब्रिटिश शेतकरी ओरडत होते, की आमचा माल युरोपात जाताना सगळे दाखले मागतात आणि युरोपचा माल आमच्याकडे मोकळा येतो. त्यांचंही खरंच होतं.

काही जण म्हणतील, मॅडम, करोना होता, नंतर युक्रेनचं युद्ध, महागाई. तपासणी लावली असती तर अन्न आणखी महाग झालं असतं. हे मला मान्य आहे. तपासणी लागल्यावर डोव्हर आणि बोगद्यातून येणाऱ्या अशा खाद्यपदार्थांवर प्रत्येक प्रकारामागे २९ पौंडांपर्यंत आणि एका खेपेला जास्तीत जास्त १४५ पौंड असा आकार बसला, तपासणीसाठी ट्रक थांबवला नाही तरी. छोट्या दुकानदारांना तो जड गेलाच. पण माझी तक्रार उशिराबद्दल नाही. उशीर करायचा होता तर पहिल्याच वेळी सांगायचं, 'तीन वर्षं लागतील, घाई करू नका.' तसं न करता दर वेळी 'ही तारीख पक्की' म्हणायचं आणि महिन्या-दोन महिन्यांवर आली की सोडायची, यातून लोक एकच गोष्ट शिकतात: थांबा, काही करू नका, पत्र येईलच.

आणि हे आपल्याला कुणी शिकवायला नको! 'आजच सायंकाळी पाचपर्यंत माहिती भरा' म्हणून निरोप येतो, आपण वर्ग सोडून रेंज शोधत गच्चीवर चढतो, रात्री साडेनऊला मुदतवाढ येते. पुढच्या वेळी आपणही गच्चीवर चढत नाही.

पण सरकारला आणि साहेबांना नावं ठेवून लेख संपवणं सोपं आहे. मी माझ्या वर्गात काय केलं ते सांगते.

गेल्या वर्षी 'आठवडे बाजार' या विषयावर मातीचं मॉडेल करून आणायला सांगितलं. शुक्रवारी. एका मुलीने केलं. चिखल कालवून दुकानं, ताडपत्रीच्या जागी साडीच्या चिंध्या, तागडीला बांगडीचा तुकडा. शुक्रवारी बाकीच्यांनी आणलं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "बरं, पुढच्या शुक्रवारी." पुढच्या शुक्रवारी अर्ध्यांनी आणलं नव्हतं, पुन्हा पुढचा. तिसऱ्या आठवड्यात केंद्राची बैठक निघाली. तिची आई शाळेत आली, म्हणाली, "मॅडम, दोन खोल्यांचं घर आहे, पाण्याच्या टाकीवर ठेवलंय ते. बारकं पोरगं हात लावतं. कधी घेऊन जाऊ द्या तेवढं सांगा." शेवटी मॉडेलं आली तेव्हा तिच्या बाजाराला मधोमध तडा गेला होता. ज्यांनी आदल्या रात्री केलं त्यांची ओली, नवी, चकचकीत. मी गुण दिले. तिला कमी दिले. मॉडेल फुटलंय, असं मी वहीत लिहिलंसुद्धा.

ती काही बोलली नाही. पुढच्या प्रकल्पाच्या वेळी मात्र तिने काहीच आणलं नाही. विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं तारीख पुढं जाईल."

द्राक्षं तपासायला माणूस नसला तर काय, असं विचारणारी मुलगी तीच.

पोर्ट्समथची इमारत वाचताना मला ती पाण्याची टाकी दिसली. गुण आता बदलता येत नाहीत, वर्ष संपलं. तिच्या आईला मात्र मी जाऊन सांगितलं की चूक माझी होती. त्या म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, पोरांचा खेळ." पण तो खेळ नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आता मी तारीख कमी वेळा देते. दिली की आणलेल्यांचं त्याच दिवशी बघते, एकीने आणलं असलं तरी. बाकीच्यांना आणखी वेळ देते, कारण प्रत्येकाच्या घरी सारखी परिस्थिती नसते, शेतात मजुरी चालू असते. पण ज्यांनी आणलं त्यांचं काम त्या दिवशी पूर्ण. बंदरांच्या बाबतीतही हेच करता आलं असतं, असं माझं मत आहे. उशीर करा, पण सांगितल्याप्रमाणे ज्यांनी बांधलं त्यांचे पैसे त्याच दिवशी चुकते करा.

गोष्ट अजून संपलेली नाही. १९ मे २०२५ ला लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाने ठरवलं, की अन्न आणि रोपांच्या नियमांबाबत नवा करार करायचा. तो झाला तर या तपासण्यांपैकी बऱ्याचशा लागणारच नाहीत. आपली द्राक्षं त्यात बसत नाहीत, आपण त्या सगळ्यांनाच परके, आपली तपासणी आधीही होती आणि पुढेही राहील. पण रॉटरडॅमला उतरून पुढे ब्रिटनला जाणाऱ्या मालाला २०२१ पासून दुसरी सीमा लागली, तिथे काय होतं यावर आमच्या गावातल्या पालकांनीही लक्ष ठेवायला हरकत नाही.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा त्या मुलीने लगेच विचारलं, "मग त्या बांधलेल्या इमारतीचं काय करणार?" एकाने सुचवलं, कोल्ड स्टोरेज करा. दुसरा म्हणाला, शाळा करा. ती म्हणाली, "आधी त्यांना विचारा, ज्यांनी बांधली."

व्हरांड्यातला नाक्याचा खेळ घेतलात तर तुमच्याकडे दोन मिनिटांच्या फेरीत किती ट्रक अडकले ते जरूर कळवा. आमच्याकडे दहा मिनिटांत पाच अडकले, आणि एक ट्रक रडायला लागला.